अंगठ्याचं खातं

“हात धुतलेत ना?”

मॅडमनी आधी हे विचारलं आणि मगच माझा हात धरला.

मी मान डोलावली. सकाळी सातपासून मी त्या वसतिगृहाचे अकरा संडास घासले होते. नंतर साबणानं दोनदा हात धुतले होते. तरी फिनाइलचा वास जात नाही, बोटांच्या सालीत बसतो. मॅडमनी तोंड जरासं बाजूला घेतलं, पण हात सोडला नाही. समोर फोटो काढायला माणसं उभी होती.

खाली सतरंजीवर मुली बसलेल्या. दीडशे तरी असतील. स्टेजवर फळा, समई, पाहुण्यांच्या खुर्च्या, आणि मी. मागे बॅनर होता, ‘निरक्षर भगिनींच्या हाती अक्षर’. तो मी स्टेजवर चढतानाच वाचला होता. वाचला हे चेहऱ्यावर दिसू नये म्हणून लगेच मान खाली घातली.

मॅडम कल्याणहून आल्या होत्या. कुठल्यातरी महिला मंडळाच्या. त्यांनी माझ्या बोटांत खडू दिला, वरून स्वतःची मूठ आवळली आणि माझ्या नावाचं पहिलं अक्षर माझ्याकडून गिरवून घ्यायला लागल्या. अक्षर ओळखीचं. हात आपसूक सरळ निघाला. मलाच तो आवरावा लागला. मी खडू मुद्दाम थरथरवला. दांडी वाकडी नेली. रेघ अर्ध्यात सोडली.

“छान! पहिल्यांदा असंच येतं,” मॅडम माइकवर म्हणाल्या.

टाळ्या पडल्या. मुली हसल्या. मागून कोणीतरी शिट्टी मारली. मला एक पाटी मिळाली, एक अंकलिपी मिळाली. मॅडमनी पर्समधून ओला कागदी रुमाल काढला आणि एकेक बोट पुसलं. मग त्यांनी सगळ्यांना नमस्कार केला.

मी दहावी पास आहे. सेकंड क्लास. मुरबाडच्या शाळेतून.

स्टेजवरून उतरल्यावर मी सतरंज्या गोळा केल्या. चहाचे कप उचलले. समईचं तेल सांडलं होतं ते पुसलं. तेव्हा काय वाटलं, असं नंतर पुष्कळांनी विचारलं. काही वाटलं नाही. लोकांना हे उत्तर आवडत नाही. त्यांना वाटतं रक्त उसळलं असेल, डोळ्यांत पाणी आलं असेल. काही उसळलं नाही. फरशीवरचं तेल नुसत्या पाण्यानं निघत नाही, आधी राख टाकावी लागते, आणि राख आता कुठून आणायची, एवढंच डोक्यात होतं.

दहावी पास बाई पाटी घेऊन का बसली, ते आता सांगते.

वसतिगृहाचं नाव सांगत नाही. सरकारी आहे, मुलींचं आहे, शहापूर-मुरबाड पट्ट्यात आहे, एवढं पुरे. साफसफाईचं काम ठेक्यावर. ठेकेदार म्हणजे कुणी शेठ. सहा वर्षांत मी त्याला एकदाही बघितलं नाही. आमच्यासाठी सगळं काही दिनेशदादा. शेठचा सुपरवायझर. जवळच्याच गावातला, घरची भातशेती, दारात ट्रॅक्टर. वयानं माझ्यापेक्षा लहान, पण दादाच म्हणायचं. तो आम्हाला गो म्हणणार. आम्ही सहा बायका, सगळ्या वाडीवरच्या. शेतवाल्या घरची एकही नाही. संडास घासायला त्या कशाला येतील?

माझं सासर सापगावच्या पुढं, गावाबाहेरच्या वाडीत. या कामाला मला जनीमावशीनं लावलं. मावशी सख्खी नाही, शेजारची. ती आधीपासून तिथं होती. पहिल्या दिवशी जाताना रस्त्यात तिनं मला थांबवलं.

“शालंचा काय बोलू नको. विचारला तर अंगठा सांग.”

“का गो मावशी?”

“सांगतंय ते कर. काम पायजे ना तुला?”

काम पाहिजे होतं. नवरा गवंड्याच्या हाताखाली जायचा, काम असेल तेव्हा. दोन मुलं. दिनेशदादानं पहिला प्रश्न तोच विचारला, “सही का अंगठा?” मी अंगठा म्हटलं. तो खूश झाला. “बरा हाय,” म्हणाला. माझ्या आधी एक मुलगी होती, बारावी झालेली. ती सही करायची. तिनं दुसऱ्याच महिन्यात बँकेचं कार्ड मागितलं. तिसऱ्या महिन्यात ती नव्हती.

अंगठा का लागतो, हे मला पहिल्या पगाराच्या दिवशी समजलं. सरकारी कामावर ठेकेदारानं पगार रोख द्यायचा नाही, खात्यात टाकायचा. तसा नियमच आहे. आणि सरकारनं ठरवलेल्या दरापेक्षा कमी टाकायचा नाही. मग शेठ दोन्ही नियम पाळायचा. खात्यात पूर्ण पैसे टाकायचा. पण अंगठ्याच्या खात्याला आमच्या बँकेत एटीएम कार्ड देत नाहीत. पैसे काढायला स्वतः जावं लागतं. स्लिप भरायला माणूस लागतो, ही बाई तीच आहे असं सांगायला ओळखीचा माणूस लागतो. तो माणूस म्हणजे दिनेशदादा. आमची पासबुकं त्याच्या बॅगेत. महिन्यातून एकदा तो आम्हा सहाजणींना जीपमध्ये घालून मुरबाडला बँकेत न्यायचा. बाकावर बसवायचा. एकेकीची स्लिप भरायचा. आम्ही साहेबासमोर अंगठा द्यायचा. कॅशियर पैसे आमच्याच हातात द्यायचा.

ते पैसे घेऊन आम्ही दाराबाहेर यायचो. बाहेर गुलमोहोर आहे. त्याच्याखाली दिनेशदादा उभा राहायचा. आम्ही सगळे पैसे त्याच्या हातात द्यायचो. आम्हीच. कोणी हिसकावत नव्हतं. तो त्यातले थोडे परत द्यायचा. निम्म्याहून जरा वर.

“बाकीचं शेठचं. तुमच्या खात्यातून नुसतं जातंय,” तो म्हणायचा.

बायका मान डोलवायच्या. मीपण डोलवायची. स्लिपवर किती लिहिलं ते मी दर वेळी वाचलेलं असायचं. आकडाही आणि अक्षरी रक्कमही. दिनेशदादाचं शुद्धलेखन फार वाईट. ‘रुपये’ तो कधी धड लिहायचा नाही. ते बघून मला मनातून हसू यायचं. आपले पैसे जातायत हे सोडून मी त्याचा उकार बघत बसायची. माणूस कुठं जाऊन पोचतो बघा.

मी एकटीच नव्हते. हे समजायलाही दोन वर्षं लागली. एकदा रेक्टरबाईंनी ऑफिसच्या दारावर कागद चिकटवला, की उद्या पाणी येणार नाही. तोंडी कोणालाच सांगितलं नव्हतं, मुली सुट्टीवर होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी नळ कोरडे, आणि सहापैकी तिघींच्या बादल्या आदल्या दिवशीच भरून ठेवलेल्या. माझ्या, जनीमावशीच्या आणि आणखी एकीच्या. आम्ही तिघी जिन्यात एकमेकींसमोर आलो. बादल्यांकडे बघितलं. मावशीला वाचता येतं, हे मला त्या दिवशी कळलं. बारा वर्षं शेजारी राहून मला ते माहीत नव्हतं. ती पुढं झाली आणि झाडायला लागली.

खरं तर त्याच दिवशी तिघींनी तोंड उघडायला हवं होतं. पण पोटाची सवय वाईट असते. शिवाय न येण्याचं नाटक करता करता खरंच काही येईनासं होतं. मी घरीसुद्धा वाचायचं टाळायला लागले. लाइटचं बिल आलं की मुलाच्या हातात द्यायची. एसटीच्या पाट्या वाचायच्या सोडून कंडक्टरला विचारायची, “ही मुरबाडला जाते का ओ?” कोणी ओळखीचं बघेल ही भीती. नंतर भीतीपण गेली. नुसतीच सवय राहिली.

अशी सहा वर्षं गेली.

मग तो कार्यक्रम आला. मंडळाला एक निरक्षर बाई पाहिजे होती. रेक्टरबाईंनी दिनेशदादाला सांगितलं. तो आम्हाला रांगेत उभं करून म्हणाला, “ही चालंल. ही जरा साफ दिसते.” माझ्याकडे बोट होतं.

नाही म्हणता आलं असतं का? आलं असतं. कारण काय सांगणार होते?

फोटो पेपरात आला. आतल्या पानावर, पण मोठा. मॅडम हसतायत, माझी मान खाली, फळ्यावर वाकडं अक्षर. खाली माझं नाव, लग्नाआधीचं आडनाव कंसात घालून. कोणी सांगितलं कोण जाणे. पेपर वाडीत येत नाही, म्हणून मला पत्ता नव्हता. चार दिवसांनी संध्याकाळी बाप दारात उभा.

बाप माहेरी राहतो, वैशाखऱ्याच्या बाजूला. दोन एसट्या बदलून आला होता. त्याला गुडघ्यांमुळे गाडीत धड चढता येत नाही. तो लग्नकार्याशिवाय येत नाही. मला वाटलं कोणीतरी गेलं.

त्यानं पाणी घेतलं नाही. ओट्यावर बसला.

बापाला स्वतःला अक्षर येत नाही. जमीन नाही. आयुष्यभर दुसऱ्याच्या शेतावर भात लावला, कापला, झोडला. बाकीचे महिने वीटभट्टी. सगळी वाडी भट्टीवर जायची, पोरंबाळं घेऊन. मला तो न्यायचा नाही. मला आत्याकडे ठेवायचा, मुरबाडला, शाळा बुडू नये म्हणून. त्यासाठी आत्याच्या नवऱ्याचं किती ऐकून घेतलं त्यानं, ते मी बघितलंय. मी पास झाले तेव्हा त्यानं स्टँडवर पेढे वाटले. तेव्हापासून घाटरस्त्यावरच्या चहाच्या हॉटेलात तो सगळ्यांना एकच गोष्ट सांगायचा. माझी पोर दहावी पास. गावातले शेतवाले तिथं बसतात. त्यांच्यातल्या काहींच्या मुली नापास झाल्या होत्या. त्यांना ते कधी गोड लागलं नाही.

त्याच हॉटेलात एका शेतवाल्यानं पेपर उघडून बापाला फोटो दाखवला होता. वाचून दाखवलं होतं. निरक्षर भगिनी. तुझी पोर आता अक्षर काढायला शिकते म्हणून.

“मंग दहावी कोन पास झालता? तू?” असं तो शेतवाला म्हणाला होता. हॉटेल हसलं होतं.

बापानं हे मला सरळ आवाजात सांगितलं. मग म्हणाला, “आपल्यातला खोटा कोन, पोरी? तू का मी?”

मी पाण्याचा तांब्या परत त्याच्याजवळ सरकवला.

“मना वाचता येत नाय. मना कोनीपन कायपन दाखवल. निकालाचा कागद तवा तूच मना वाचून दाखवलास. तू पास झाली हुतीस ना?”

त्याला खरोखर शंका आली होती. वीस वर्षं ज्याच्यावर जगला ते खोटं असेल का, अशी शंका. ती मी आणली होती. तेव्हा मात्र काहीतरी वाटलं. राग नाही. लाज. अंगावर कपडा नसल्यासारखी लाज. स्टेजवर जी यायला हवी होती ती चार दिवस उशिरा आली.

“झाले होते, बाबा,” मी म्हटलं.

“मंग लिवाया का नाय आला?”

मी त्याला सगळं सांगितलं. अंगठा, बँक, गुलमोहोर. त्याला निम्मं समजलं. शेवटी त्यानं एवढंच विचारलं, “म्हंजे न शिकल्याचं पैसं भेटत हुतं तुला?” मी हो म्हटलं. तो उठला. जेवायला थांबला नाही. शेवटची गाडी आहे म्हणाला. शेवटच्या गाडीला अजून दोन तास होते.

पगाराचा दिवस आठवड्यानं होता.

नेहमीसारखे बाकावर बसलो. दिनेशदादानं माझी स्लिप भरून पुढं केली. मी स्लिप घेतली, पासबुक घेतलं, आणि काउंटरला गेले. तो मागंच होता.

“साहेब, माझं खातं अंगठ्याचं आहे. सहीचं करायचंय,” मी म्हटलं.

साहेबानं चष्म्यावरून बघितलं. “सही येते?”

“येते.”

“अर्ज लिहून आणा. दोन फोटो लावा.”

“कागद द्या. इथंच लिहिते.”

मी तिथंच उभ्यानं अर्ज लिहिला. प्रति, मा. शाखा व्यवस्थापक. विषय. महोदय. दहावीला अर्जलेखन हमखास यायचं, मी ते पाठ केलं होतं. उपयोग आत्ता झाला. सहा वर्षांत पेन धरलं नव्हतं. अक्षर चांगलं आलं नाही. पण सरळ आलं. शेवटी आपली विश्वासू लिहिलं आणि पूर्ण नाव लिहिलं.

दिनेशदादा बघत होता. त्याच्या तोंडून एवढंच निघालं, “गो, तू लिवतंस?”

बाकावरच्या पाचजणी बघत होत्या. जनीमावशी जमिनीकडे बघत होती.

खातं बदलायला दिवस लागणार होते, म्हणून त्या दिवशी पैसे अंगठ्यावरच निघाले. स्लिप मात्र मी दुसरी घेतली, स्वतः भरली. कॅशियरनं पैसे हातात दिले. मी बाहेर आले. गुलमोहोराखाली थांबले नाही. स्टँडच्या रस्त्याला लागले.

“कुठं चाललीस? पैसं?” दिनेशदादा मागून आला.

“माझे आहेत.”

“अंगठा मारला तवा कुठं गेलती तुजी शाला?”

मी चालत राहिले.

“उद्यापासनं येऊ नको,” तो ओरडला. स्टँडवरची माणसं वळून बघायला लागली. एकानं विचारलं, “काय झाला रे?” दिनेशदादा म्हणाला, “चोर हाय.”

मी वळले नाही. वळले असते तर काय केलं असतं ते मला माहीत नाही. शहापूरची गाडी लागली होती. पाटी वाचली आणि चढले.

काम गेलं. पुढचे चार महिने लोकांच्या शेतात गेले. घरात आधी ओरडा झाला, मग गप्प झाले सगळे. शहापूरच्या एका कामगार संघटनेचे भाऊ भेटले. चांगला माणूस. स्वतःच्या खिशातून झेरॉक्स काढणारा. त्यांनी तक्रार लिहिली. कामगार कार्यालयात सुनावणी लागली. मुरबाडवरून शेअर जीपनं कल्याण, पुढं आणखी एक गाडी.

पहिल्या तारखेला शेठचे वकील आले. त्यांनी पाचही बायकांना आणलं होतं. टाइप केलेला कागद होता, आम्हाला ठरलेला पगार पूर्ण मिळतो, तक्रार नाही. अधिकारी बाईंनी जनीमावशीला विचारलं, वाचता येतं का. मावशी म्हणाली, “आमाला कुठला, मॅडम. अंगठा हाय आमचा.” पण कागद हातात आल्यावर मी तिचे डोळे बघितले. डोळे ओळीच्या शेवटापर्यंत जात होते आणि पुढच्या ओळीवर परत येत होते. तिनं पूर्ण वाचला. मग अंगठा दिला. बाहेर पडताना ती खाली बघत माझ्याजवळून गेली. मला तिचा राग नाही आला. तिच्या सुनेचं बाळंतपण तोंडावर आलं होतं.

वकील मग माझ्याकडे वळले. म्हणाले, या बाई दहावी शिकलेल्या आहेत. काम मिळवताना त्यांनी खोटं सांगितलं. त्यांना स्लिप वाचता येत होती. रक्कम माहीत होती. स्वतःच्या हातानं पैसे परत दिले. मग फसवणूक कोणी कोणाची केली? त्यांनी अगदी शांतपणे विचारलं. बरोबरच विचारलं. अधिकारी बाईंनी पुढची तारीख दिली, त्या दिवशी माझा जबाब होणार होता.

त्या तारखेला भाऊ आधीच पोचले होते. मला व्हरांड्यात बाजूला घेतलं.

“ऐक ताई. सोपं आहे. तू शाळेत गेलीस, पण नंतर सगळं विसरलीस. त्या कार्यक्रमात नव्यानं शिकलीस. पेपरातला फोटो आहे ना? तारखेसकट. त्याच्यापेक्षा मोठा पुरावा नाय. त्याआधीचे सगळे अंगठे अज्ञानात झाले. वकिलाचं तोंड बंद.”

त्यांनी जबाबाचा मजकूर लिहूनच आणला होता. पिशवीतून पेपरचं कात्रण काढून वर टाचलं. कात्रण मी तेव्हा पहिल्यांदा नीट बघितलं. मॅडमची मूठ आणि आत माझी बोटं.

भाऊंचं चूक नव्हतं. त्यांना मला पैसे मिळवून द्यायचे होते. अडाणी बाईची दया येते. वाचता येणाऱ्या बाईनं कमी पैसे घेतले तर लोक म्हणतात, मग मर. हे त्यांनाही माहीत होतं, मलाही.

मी हो म्हटलं. त्या क्षणी हो म्हटलं, लपवत नाही.

नंबर यायला वेळ होता. भाऊ चहाला गेले. मी बाकावर बसले. समोर भिंतीवर नियमांचा बोर्ड होता, बारीक अक्षरांत, वरून खालपर्यंत. त्या बाकावर दिवसाला किती माणसं बसत असतील. मी वाचायला लागले. सहा वर्षांचं राहिलेलं वाचून घेते असं वाचलं. दर किती दिवसांनी पगार, कोणत्या कामाला कोणता दर, ठेकेदारानं नाही दिलं तर ज्याचं काम आहे त्यानं द्यायचं. आणि खाली एक ओळ. कामगारानं स्वतः कबूल केलं असलं तरी किमान वेतनापेक्षा कमी देता येणार नाही. तसा करार धरला जाणार नाही.

मी ती ओळ तीनदा वाचली. उठून जवळ जाऊन वाचली.

म्हणजे मला माहीत होतं की नव्हतं, याचा प्रश्नच नव्हता. मी हसत दिले असते, सही करून दिले असते, तरी त्यांना घेता येत नव्हते. वकिलानं विचारलेला प्रश्न कामाचाच नव्हता. भाऊंनी आणलेलं उत्तरही कामाचं नव्हतं. नियम अडाणी बाईसाठी नव्हता, हुशार बाईसाठी नव्हता. काम करणाऱ्यासाठी होता.

आणि मी त्या कागदाखाली नाव लिहिलं असतं तर सरकारदरबारी माझा बाप खोटा. पेपरात खोटा ठरलाच होता, आता शिक्क्यासकट.

माझं नाव पुकारलं.

अधिकारी बाई टेबलामागे, वकील डावीकडे, भाऊ माझ्या बाजूला. बाईंनी भाऊंचा मजकूर घेतला. म्हणाल्या, “मी वाचून दाखवते, बरोबर असेल तर हो म्हणा.”

“नको. माझ्याकडे द्या,” मी म्हटलं. “मी वाचते.”

मी मोठ्यानं वाचलं. पहिली चार वाक्यं बरोबर होती. पाचव्यात होतं, मी अज्ञानामुळे अंगठा दिला. तिथं थांबले.

“हे खोडा.”

“ताई,” भाऊ हळूच म्हणाले.

“खोडा. मला वाचता येत होतं. स्लिपवरचा आकडा मी दर महिन्याला वाचत होते. कमी मिळतायत हे मला पहिल्या महिन्यापासून माहीत होतं. कामाची गरज होती म्हणून दिले. हे कात्रणपण काढा. त्या दिवशी मी काही शिकले नाही.”

वकील हसले. त्यांना वाटलं जिंकले. ते म्हणाले, “मॅडम, हे नोंदवून घ्या.”

“घ्या,” मी म्हटलं.

अधिकारी बाईंनी पेन खाली ठेवलं. “बाई, तुम्ही काय सांगताय ते कळतंय ना? सगळं माहीत होतं म्हणता. मग चूक कोणाची लिहू?”

“बाहेर बोर्डावर आहे, मॅडम. मी कबूल झाले तरी त्यांनी कमी द्यायचं नव्हतं. कमी देणाऱ्याची चूक लिहा. त्याच्या खाली ज्या सरकारी खात्याचं वसतिगृह आहे त्याचं नाव लिहा. संडास त्यांचे होते.”

“खात्याचं?” भाऊ दचकले. “ताई, सरकारला ओढलंस तर हे वर्षानुवर्षं चालेल.”

“चालू द्या. मी येईन.”

वकिलांचं हसू तसंच राहून गेलं होतं. बाई माझ्याकडे बघत होत्या, पेन टेबलावरच.

“लिहा, मॅडम,” मी म्हटलं. “नाहीतर कागद इकडे द्या. मी लिहिते.”